झाडोऱ्याचा तिसरा अंक

खांबेट्यांच्या घरात ठरलेली लग्नं मोडली, भाऊ भावापासून वेगळा झाला, एकदा तर अख्खी नाटक कंपनी बुडाली. पण शेवटच्या टाक्याची बैठक कधी चुकली नव्हती. नव्या नाटकाच्या आदल्या सकाळी बुधवार पेठेतल्या, नाटकांना कपडे पुरवणाऱ्या ड्रेपरीच्या दुकानावरच्या माडीत सगळ्यांनी जमायचं, नवे कपडे मधोमध मांडायचे, आणि प्रत्येक कपड्यात मुद्दाम सोडून दिलेला शेवटचा टाका ज्याने नाटक लिहिलं त्याने घालायचा, ही कंपनी काढणाऱ्या आबांनी लावलेली रीत. टाका पडला की नाटक लेखकाच्या हातून सुटून कंपनीचं होतं, असं आबा म्हणत. टाका न पडलेला कपडा या घरातलं कोणी रंगमंचावर नेत नसे. आबांनी स्वतः एकदा घाईगर्दीत तसा नेला आणि त्याच प्रयोगात पडद्याने पेट घेतला, ही गोष्ट घरातल्या पोरांना बाराखडीच्या आधी सांगितली जायची.

आणि आज नाटक लिहिणाऱ्या वासंतीने सुई हातात घ्यायला चक्क नकार दिला होता.

"वासंते, उद्या दुपारी प्रयोग आहे," बाळकाका म्हणाले. वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, मागे दुकान, कंपनी आणि सगळ्यांवर ओरडण्याचा हक्क त्यांच्याकडे आला होता.

"माहीत आहे. जाहिरात मीच लिहून दिली."

"मग टाके घाल."

"माझा तिसरा अंक मला परत द्या. लगेच घालते."

काकांनी पंच्याने मान पुसली. मे महिना, त्यातून दुष्काळाचं साल. नळाला पाणी येईल तेव्हा येत होतं, आणि माडीवरचा पंखा फिरतो आहे की नुसता कुरकुरतो आहे, हे मान वर करून बघावं लागत होतं. तसल्या उकाड्यात मधल्या सतरंजीवर नाटकातल्या परग्रहवासी झाडोरकरांचे हिरवे झगे ओळीने पसरलेले होते, आणि प्रत्येक झग्यावर जांभळ्या मखमलीचे तळवे असलेले हातमोजे.

घडलं होतं ते असं. परीक्षेचे पेपर तपासायचे म्हणून वासंती आठवडाभर तालमीला गेली नव्हती. शाळेतली मास्तरीण ती, पेपर टळत नाहीत. तेवढ्यात काकांनी तिसरा अंक बदलला. दिग्दर्शक श्यामसुंदर, म्हणजे तिचा सख्खा भाऊ, त्याने मुकाट्याने बदलू दिला. मुलांनी तो पाठ केला. आणि वासंतीला या सगळ्याचा पत्ता आज सकाळी लागला, जेव्हा काकांची दहा वर्षांची उल्का जिना चढून आली आणि आनंदाने म्हणाली, "ताई, माझा काटेरी चाबूक बघ! याने मी सगळ्या माणसांना मारते."

तिच्या झाडोरकरांच्या हातात चाबूक!

झाडोरा हा ग्रह तिला वडिलांकडून मिळाला होता. पहिला उपग्रह आकाशातून गेला त्या वर्षी अनंत खांबेटे रोज पोरीला गच्चीवर घेऊन जायचे. उपग्रह काही दिसला नाही. मग पोर हिरमुसू नये म्हणून त्यांनी तिला एक ग्रह दाखवला, जो दुर्बिणीतूनही दिसला नसता. तिथे दोन सूर्य आहेत, म्हणून प्रत्येक झाडाला दोन सावल्या. तिथली माणसं झाडांची भाषा तळव्यांनी ऐकतात. गळून पडलेलंच फळ खातात. घर बांधत नाहीत; ऊन लागायला लागलं की झाडाला विनंती करतात आणि झाड सवडीने फांदी वाकवतं. आणि कोणाच्या हातून एखादं झाड दुखावलं, तर तिथे शिक्षा नाही, कोर्ट नाही. सगळं गाव त्या झाडाभोवती बसतं, तळवे टेकवतं, आणि नवा कोंब फुटेपर्यंत उठत नाही. ज्याने झाड दुखावलं तोही बसतो. अनंतराव गेले, पण झाडोरा राहिला. वासंतीने त्याला नद्या दिल्या, सण दिले, भांडखोर शेजारणीसुद्धा दिल्या. तळवे टेकण्याचा नियम मात्र तिने होता तसाच ठेवला.

"तुझ्या तिसऱ्या अंकात काय होतं ते सांग बघू," काका म्हणाले. "मोठ्याने सांग. सगळ्यांना ऐकू दे."

"पर्वतीच्या पायथ्याशी एक माणूस झाड तोडतो. झाडोरकर येतात. बुंध्याभोवती बसतात. कोंब फुटतो. मग तो माणूस..."

"बसतात!" काकांनी हात वर केले. "ऐकलंत? बसतात! अगं, या उकाड्यात तिकीट काढून आलेली पोरं कोणीतरी बसलंय हे बघायला येतील का? बसायचंच होतं तर शाळेत वर्षभर बसली होती की!"

मंदाकिनीकाकूला हसू आलं. नवऱ्याची नजर फिरताच तिने ते पदराआड ढकललं.

"तुमच्या अंकात काय होतं?" वासंतीने विचारलं.

"लढाई होते. झाडोरकर वेली फेकतात, काटे फेकतात, मग आपलं सैन्य येतं, फटाके वाजतात. शेवटी माणसं जिंकतात. पोरं टाळ्या पिटत घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी धाकट्या भावंडांना घेऊन येतात. मी ही कंपनी आबांच्या पडझडीतून वर काढली ती बसून नाही काढली."

यातलं शेवटचं वाक्य खरं होतं, आणि ते वासंतीलाही माहीत होतं. काका दुष्ट नव्हते. रिकाम्या खुर्च्यांसमोर त्यांनी आयुष्यात इतक्या वेळा नारळ फोडला होता, की भरलेल्या नाट्यगृहासाठी ते परग्रहावर तोफाही धाडायला तयार होते.

"दादा, तू काहीतरी बोल," ती भावाकडे वळली.

श्यामसुंदर बँकेत कारकून होता, आणि समोर येणारा प्रत्येक माणूस खातेदार असल्यासारखा त्याच्याशी वागायचा. "तसं बघितलं तर वासू, तुझं बरोबर आहे," तो म्हणाला. "आणि तसं बघितलं तर काकांचंही..."

"तू एकाच बाजूने बघ ना कधीतरी!"

"वासू, पुरे आता," आई म्हणाली. आनंदीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. सगळे झगे, सगळे तळवे त्यांच्या हातचे. "डोळे फोडून शिवलंय मी हे. पोरं महिनाभर घाम गाळताहेत. एका अंकासाठी सगळ्यांना वेठीला धरणार आहेस का? तुझे बाबाही असेच अडून बसले होते. त्याने काय झालं? दोघे भाऊ शेवटपर्यंत बोलले नाहीत."

हा घाव वर्मी बसला. बाळकाकांनी खिडकीबाहेर बघितलं. वासंतीला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचा रागही येत होता. आई आपल्या बाजूने नाही, भाऊ कोणाच्याच बाजूने नाही, आणि काकू हसून मोकळी. ती एकटी पडली होती. पण एकटं पडल्यावर खांबेटे मवाळ होतात असा काही इतिहास नव्हता.

"आई, मी वेठीला धरत नाहीये," ती म्हणाली. "झगे न्या, मोजे न्या. दुसरं नाटक करा, त्याला मी स्वतः गुंड्या लावून देईन. पण हातात चाबूक घेतलेला प्राणी झाडोरकर नाही. त्याला माझा टाका पडणार नाही."

खाली रस्त्यावर टेम्पोचा भोंगा वाजला, आणि पाठोपाठ सर्जेरावांचा आवाज आला. "बाळासाहेब! आवं, माल आलाय! खाली या, न्हायतर मीच वर येतो!"

सर्जेराव कोथरूडचे. तिथे त्यांची आमराई होती. आता तिचे प्लॉट पडत होते, आणि त्या जोरावर सर्जेरावांनी सुट्टीतल्या प्रयोगांचं कंत्राट घेतलं होतं. पुण्यातला प्रयोग रंगला तर उपनगरं, मग गावोगावच्या जत्रा, असा त्यांचा बेत होता. लढाईची मागणी मुळात त्यांचीच. काका खाली जायच्या आत ते धापा टाकत वर आले.

"जंगल आणलंय तुमच्या नाटकाला," ते म्हणाले. "पडद्यावर रंगवल्यालं न्हाय, खरंखुरं! टेम्पो भरून आंब्याच्या फांद्या. आजच तोडल्यात, उद्यापतूर हिरव्यागार ऱ्हातील. तुमीच म्हनला हुता ना, ष्टेज भरून टाका म्हणून?"

"वा! वा!" काकांचा चेहरा उजळला. "आता बघा कसा झाडोरा उभा राहतो!"

उल्का धावत खाली गेली. सगळ्यांना वाटलं, पोर हरखून गेली असेल. थोड्या वेळाने ती परत आली ती चेहरा पाडून. एक पाय दुसऱ्यावर घासत दारातच उभी राहिली.

"बाबा, ते तर सगळं तोडलेलं आहे."

"मग? मुळासकट आंबा टेम्पोत बसतो होय?"

"पण मग आमची एंट्री कशी होणार?"

"विंगेतून. रोज होते तशी."

"नाही होणार," उल्का अगदी गंभीरपणे म्हणाली. "झाडोरकर पान तोडत नाहीत. समोर एवढ्या फांद्या तोडून ठेवलेल्या बघितल्या तर आम्ही पहिल्याच प्रवेशात खाली बसणार आणि उठणारच नाही. मग चाबकाचा प्रवेश कोण करणार?"

पान न तोडणाऱ्या लोकांच्या ग्रहासाठी बाळ खांबेट्यांनी अर्धी आमराई तोडून मागवली होती, आणि हे इतक्या मोठ्या माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. मग मंदाकिनीकाकूचा बांध फुटला.

"अहो," ती हसता हसता म्हणाली, "एकादशीच्या पंगतीला तुम्ही मटण मागवलंत!"

"तू गप्प बस."

"नाही बसत. इतके दिवस बसले होते. पोरीला रोज तालमीहून आणते मी. रस्त्याच्या कडेच्या झाडाला हात लावायच्या आधी विचारते ती, लावू का म्हणून. मला आधी वाटलं, येडी झाली. आता मीही कढीपत्ता खुडताना विचारते. तुमचा तिसरा अंक आला तसं तिचं विचारणं बंद झालं. काल कोपऱ्यावरच्या जास्वंदीला चाबूक मारून आली. मला काही ते आवडलं नाही. मी बोलले नाही, कारण तुमच्या नाटकातलं मला कळत नाही असं तुम्ही लग्न झाल्यापासून सांगत आलात."

काकूच्या बोलण्याला तोड नव्हती, आणि ते इतकी वर्षं पदराआड वाया गेलं होतं.

आनंदीबाईंनी उल्काला जवळ बोलावलं. एक मोजा तिच्या हातात चढवला, चाबूक दिला आणि म्हणाल्या, "मूठ वळ." उल्काने मूठ वळली. तळव्याची शिवण टरकन उसवली.

"मी उघड्या पंजाच्या मापाने बेतले आहेत," आनंदीबाई म्हणाल्या. "वासूने सांगितलं होतं, झाडोरकरांची मूठ वळत नाही. शिवताना मला ते वेडगळ वाटलं. पण भावजी, मी काही आता सगळे तळवे मूठ वळण्यासाठी पुन्हा शिवणार नाही. मन नाही माझं."

"वहिनी, तुम्हीसुद्धा?"

"मघाशी मी तिला थांबवत होते, कारण मला भीती वाटली. पुन्हा घर मोडेल अशी. पण ती तिच्या बाबांसारखी रुसून बसलेली नाही. ती काम मागते आहे. तेवढं तिला द्या."

काका येरझारा घालू लागले. सर्जेराव सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होते. "म्या काय म्हनतो," त्यांनी घसा खाकरला, "त्या फांद्यांचं काय करायचं? आमच्या म्हाताऱ्यानं लावल्यालं झाड हुतं ते. वाया ग्येलं तर बरं न्हाय वाटनार."

वासंती त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. "वाया नाही घालवणार. पहिल्या दोन अंकांत कुंड्या ठेवू. पेठेतल्या घराघरांतून मागून आणते मी. आणि तुमच्या फांद्या तिसऱ्या अंकात येतील. तोडलेलं झाड म्हणूनच. रंगवलेल्या खोट्या बुंध्याभोवती पोरं बसली असती; आता खऱ्या झाडासाठी बसतील."

"आन ल्वाक बी बसून ऱ्हातील असं वाटतंय तुमास्नी?"

"राहतील."

"हां! इथेच तर घोडं अडलंय," काका गर्रकन वळले. "राहतील कशावरून? ठीक आहे. उद्याचा एक प्रयोग तुझा. पोरांनी खुर्च्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या, तर परवापासून माझी लढाई. मग टाक्यावरून अडायचं नाही. कबूल?"

"कबूल. पण माझी एक अट आहे. मंचाखालून कोंब वर ढकलायला दादा बसणार. नाट्यगृह पूर्ण गप्प झाल्याशिवाय त्याने कोंब ढकलायचा नाही."

श्यामसुंदर दचकला. "आणि गप्प झालंच नाही तर?"

"तर नाही ढकलायचा."

"वासू, ही तीनशे पोरं आहेत! मराठी शाळेतली!"

"म्हणूनच."

मग तिने सुई घेतली. एकेक झगा मांडीवर ओढून ती टाके घालत गेली. आई शेजारी बसून उसवलेला मोजा शिवत होती. काका पुन्हा पुन्हा सांगत होते की, आपण हे फक्त एका प्रयोगापुरतं मान्य केलं आहे.

दुसऱ्या दिवशी नाट्यगृह भरलं. पहिले दोन अंक छान गेले. पेठेतून जमवलेल्या कुंड्यांमधला कोरफडीचा एक झुबका तर इतका रुबाबदार निघाला की त्यालाच पहिला हशा मिळाला. तिसऱ्या अंकात पडदा वर गेला, तेव्हा मधोमध सर्जेरावांच्या फांद्या आडव्या पडलेल्या होत्या आणि कोमेजलेल्या पानांचा वास पहिल्या रांगांपर्यंत पोचत होता. झाडोरकर आले. फांद्यांभोवती बसले. तळवे टेकवले. त्यांच्यात हिरवा झगा घालून वासंतीही बसली होती. पोरांना एकटं बसवायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

सुरुवातीला शांतता होती. मग कुठेतरी खुर्ची करकरली. कोणी शेंगा फोडल्या. कोणीतरी बेडकासारखा आवाज काढला आणि त्यावर हशा पिकला. मागच्या रांगेतून शिट्टी आली. "पुढे काय?" एक जण ओरडला. लगेच चारपाच जणांनी सूर धरला, "पुढे काय! पुढे काय!" खुर्च्या वाजू लागल्या.

वासंतीच्या पाठीवरून घाम ओघळला. शेजारी उल्काचा खालचा ओठ थरथरत होता, पण तळवा हलला नव्हता. विंगेत काका ओणवे झाले आणि मंचाच्या फटीत तोंड घालून त्यांनी जे सांगितलं, ते तिला स्पष्ट ऐकू आलं.

"श्याम, ढकल! अब्रू जाते आहे! ढकल तो कोंब!"

खालून दादाचा आवाज आला. तो घाबरलेला होता, पण स्वच्छ होता. "तसं बघितलं तर काका, अजून गप्प झालेले नाहीत."

वासंतीने डोळे मिटून घेतले. आता शिट्ट्या येवोत, शेंगांची टरफलं येवोत, ती उठणार नव्हती. दादा नावाचा माणूस जन्मात पहिल्यांदा एका बाजूने बघत होता. त्याच्यासाठी तरी ती रात्र होईपर्यंत बसली असती.

टरफलं आलीच. मग डावीकडच्या रांगांतून एका लहान मुलीचा चिरका, चिडलेला आवाज आला. "ए, गप्प बसा ना! तुमच्यामुळे कोंब येत नाहीये!"

"हट्, असं काही नसतं," कोणीतरी म्हणालं.

"असतं! ते ऐकताहेत ना! गप्प!"

पहिल्यांदा तिच्या रांगेने ऐकलं. मग तिच्या रांगेने मागच्यांना दटावलं. "श्श!" "ए टोपी, श्श!" "शेंगा ठेव खाली!" मोठ्या माणसांनी काही केलं नाही. पोरंच पोरांना गप्प करत गेली, आणि ते गप्प होणं रांगारांगांतून मागे सरकत गेलं. शिट्टीवाल्याने शेवटची एक बारीकशी शिट्टी मारून बघितली, तेव्हा सगळं नाट्यगृह त्याच्याकडे वळलं. त्याने मान खाली घातली.

मग फक्त पंखे ऐकू येऊ लागले. दादाने त्यावरही आणखी थोडा वेळ जाऊ दिला. इतका, की वासंतीलाच वाटलं, कोंब ढकलायची तार अडकली की काय. आणि मग फांद्यांच्या मधून, जरासा वाकडा, कोंब वर आला.

कोणी टाळी वाजवली नाही. तीनशे पोरांनी एकदम श्वास सोडला, तेवढाच आवाज झाला. झाड तोडणारा माणूस येऊन त्यांच्यात बसला, पडदा पडला, आणि मग जे छप्पर डोक्यावर घेतलं गेलं ते आवरता आवरेना. वासंती मात्र पडद्यामागे तशीच बसून होती. पाय सुन्न झाले होते आणि ती खुशाल रडत होती.

सर्जेराव पडद्यामागे आले, तेव्हा काका वाकून खाली सांडलेली पानं गोळा करत होते.

"झ्याक झालं, बाळासाहेब," सर्जेराव म्हणाले. "माझं बी डोळं भरलं, खोटं कशाला बोला. पर हे शहरातलं झालं. गावाकडं जत्रंत शेवटाला येक बारकी मारामारी घालू. उलिशी."

वासंती ते ऐकून कशीबशी उठली. पुन्हा भांडायला लागणार होतं, तर ती तयार होती. पण काकांनी तिला हाताने थांबवलं. पानं नीट एका बाजूला ठेवली आणि कंबर धरून सरळ उभे राहिले.

"नाही, सर्जेराव," ते म्हणाले. "ती माणसं तशी नाहीत. गावातही नाहीत आणि जत्रेतही नाहीत."

"आवं, पर कालपतूर तुमीच म्हनत हुता..."

"काल माझी त्यांची ओळख नव्हती. तुम्हाला वादच घालायचा असेल तर ही आमच्या अनंतदादाची मुलगी उभी आहे, तिच्याशी घाला. मी घालून बघितला. हरलो."

आणि भावाचं नाव इतक्या वर्षांनी तोंडातून गेलं, हे लक्षात आल्याबरोबर बाळकाका घाईघाईने दिवे मालवायला निघून गेले.